वर्दीच्या आधीची भूक

साठ किलो वजनाचा तरुण १६०० मीटर धावतो तेव्हा त्याच्या शरीरात साधारण शंभर उष्मांक खर्च होतात. एका मोठ्या केळ्यात तेवढे असतात. वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला एक उष्मांक, असा धावण्याचा ढोबळ हिशोब आहे आणि वेग कमीजास्त झाला तरी तो फारसा हलत नाही. अग्निवीर भरतीत हे अंतर साडेपाच मिनिटांत कापले तर ६० पैकी ६० गुण मिळतात. त्यासाठी ताशी साडेसतरा किलोमीटरचा वेग शेवटपर्यंत टिकवावा लागतो. मग बीमवर दहा पुलअप काढले की आणखी ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालायचे, हे दोन प्रकार फक्त पार करायचे असतात. सगळ्या परीक्षेला मिळून लागणारी ऊर्जा एका साध्या नाश्त्यात भागते.

मग कल्याणच्या सुभाष मैदानावर, डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुलात, ठाण्यात साकेतच्या आणि उपवनच्या बाजूला भल्या पहाटे धावणारी ही मुले सहा-आठ महिन्यांत इतकी वाळतात कशाने? परीक्षेच्या दिवसाला शंभर उष्मांक लागतात हे खरे, पण त्या दिवसापर्यंत पोहोचायला जे वर्ष जाते त्याची भूक फार मोठी असते. सैनिकाच्या आणि पोलिसाच्या अन्नाचा हिशोब आपली व्यवस्था काळजीपूर्वक मांडते, पण तो सुरू होतो वर्दी अंगावर चढल्यावर. त्याआधीचे सर्वांत कष्टाचे वर्ष त्या मुलाने, त्या मुलीने स्वतःच्या घरच्या ताटावर काढायचे असते. या लेखात मला त्या वर्षाबद्दल लिहायचे आहे.

ठाणे जिल्ह्यात ही मुले कुठून येतात हे पाहिले तर निम्मी गोष्ट कळते. मुरबाड, शहापूरच्या खेड्यांतून आलेली, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतली, कल्याणच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांतली, भिवंडीच्या गोदामांत दिवसपाळी करणारी. त्यांच्या बोलण्यात ‘ग्राउंड’ म्हणजे मैदानी चाचणी, ‘सोळाशे’ म्हणजे धावण्याची परीक्षा, ‘गोळा’ म्हणजे गोळाफेक. पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. उंचीची अट पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. राज्य राखीव पोलीस बलाला, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एसआरपी’ला, उंची १६८ लागते आणि धाव पाच किलोमीटरची असते. सैन्याची भरती जवळपास असली की हीच मुले तिकडेही जातात. २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंब्र्याजवळ कौशाच्या क्रीडा संकुलात अग्निवीरांचा मेळावा झाला, तेव्हा भरतीची तयारी करणारा या पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक जण त्याच्याबद्दल बोलत होता. पोलीस आणि सैन्य या दोन वेगळ्या नोकऱ्या असल्या तरी तयारीच्या वर्षात शरीर एकच असते आणि त्याचा कस एकाच रीतीने लागतो.

२०२४ च्या जूनमध्ये राज्यात पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या तेव्हा १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर जण. इतक्या चढाओढीत एक-एक सेकंद गुणांत मोजला जातो, आणि तो सेकंद कमावण्यासाठी मुले शरीरातून जे काढता येईल ते काढतात.

आता एक ढोबळ दिवस मांडून पाहू. अठ्ठावन्न किलोचा मुलगा. सकाळी दोन तास धावणे आणि व्यायाम, दिवसभर गोदामात खोकी उचलणे किंवा दुचाकीवरून पार्सल पोहोचवणे, संध्याकाळी पुन्हा दीड तास गोळा, बीम, चढावर धावणे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत पासष्ट किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी रोज २११० उष्मांक धरले आहेत, मध्यम कष्टासाठी २७१० आणि जड कष्टासाठी ३४७०. आपल्या मुलाचे वजन कमी आहे, म्हणून प्रमाणात उतरवले तरी जड कष्टाचा आकडा ३१०० च्या आसपास येतो.

त्याच्या ताटात काय असते? पहाटे चहा. व्यायामानंतर भिजवलेल्या चण्यांची मूठ आणि एक-दोन केळी, कारण भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीतल्या सरांनी तेवढे सांगितलेले असते. कामावर जाताना पोहे. दुपारी जेवायला वेळ नाही, म्हणून दोन वडापाव आणि पुन्हा चहा. रात्री खानावळीची थाळी: चार चपात्या, भाजी, आमटी, भात. उदार हाताने मोजले तरी बेरीज २२०० च्या पुढे जात नाही. रोज ९०० उष्मांकांची तूट. आळस किंवा चैन या हिशोबात कुठेच नाही. नोकरी टिकवून तयारी करायची म्हटली की दुपारचे जेवण पहिल्यांदा जाते.

शिवभोजन थाळीशी हा आकडा ताडून पाहण्यासारखा आहे. २६ जानेवारी २०२० पासून राज्याने दहा रुपयांत सुरू केलेल्या त्या थाळीत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात ठरलेला. माझ्या अंदाजाने साडेपाचशे उष्मांक. ही योजना अनेकांचा आधार झाली आणि मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण ती बांधली गेली भुकेल्या माणसाचे एक वेळचे पोट भरावे म्हणून. भरतीच्या तयारीतल्या मुलाला अशा साडेपाच थाळ्या दिवसाला लागतील. शाळेतला पोषण आहार आठवीला थांबतो. पंधरा ते एकवीस ही हाडे आणि स्नायू भरण्याची वर्षे, आणि नेमक्या त्या वर्षांत या मुलांच्या ताटाकडे पाहणारी एकही सरकारी नजर उरत नाही.

०००

तूट आठवडाभर चालली तर शरीर चरबीतून भागवते आणि फारसे काही बिघडत नाही. महिनोन्महिने चालली की काय होते, हे जगाने तरुणांवर आणि सैनिकांवर मोजून पाहिले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने प्रयोगात उतरले होते. रोज सुमारे १५७० उष्मांक आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण वजनापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या मनाची अवस्था. ती मुले चिडचिडी झाली, उदास झाली, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागली, एकाग्रता गेल्याची तक्रार करू लागली. ‘ग्राउंड’ निघाल्यावर लेखी परीक्षेत मागे पडणाऱ्या आमच्या मुलांकडे पाहताना ही गोष्ट डोक्यात ठेवायला हवी. अभ्यासाला बसल्यावर डोळे मिटतात याचे कारण काही वेळा आळसात नसून ताटात असते.

दुसरे उदाहरण खुद्द सैनिकी प्रशिक्षणाचे. अमेरिकी लष्कराचा रेंजर अभ्यासक्रम आठ-नऊ आठवड्यांचा असतो. जंगल, डोंगर, दलदल, रात्री जेमतेम तीन-चार तास झोप आणि मुद्दाम कमी ठेवलेले अन्न. १९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातल्या सैनिकांचा ऊर्जाखर्च मोजला. मोजण्याची पद्धत सुंदर आहे: हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड पण निरुपद्रवी अणू असलेले पाणी पाजायचे आणि पुढचे दिवस लघवीच्या नमुन्यांतून ते अणू किती वेगाने बाहेर पडतात ते पाहायचे. हायड्रोजन फक्त पाण्याबरोबर जातो, ऑक्सिजन पाण्याबरोबर आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडबरोबरही. दोघांतल्या फरकावरून शरीराने किती इंधन जाळले ते कळते. माणसाला खोलीत कोंडावे लागत नाही, तोंडावर मुखवटा लावावा लागत नाही. खर्च निघाला रोज चार हजार उष्मांकांच्या घरात. अभ्यासक्रम संपला तेव्हा सैनिकांचे वजन सरासरी १६ टक्के उतरले होते. पुरुषी संप्रेरकाची पातळी कोसळली होती आणि जखमा चिघळणे, न्यूमोनियासारखे संसर्ग वाढले होते. पुढच्या वर्षी रोजचे अन्न थोडे वाढवले. प्रशिक्षणाची कठोरता तशीच राहिली, वजनाची घट १३ टक्क्यांपर्यंत आली आणि आजारपण लक्षणीय कमी झाले.

सैनिक घडवायला कष्ट लागतात याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण कष्टाबरोबर उपासमार आपोआप यावी असे काही नाही, आणि थोडे जास्त अन्न दिले म्हणून कष्टाचा कस उतरत नाही, हे त्या दोन वर्षांच्या तुलनेतून स्पष्ट दिसते. मेहनतीच्या क्षेत्रात ‘पोटाला चिमटा काढणे’ हा गुण मानण्याची आपली जुनी सवय आहे. मला ती घातक वाटते.

खाण्यालाही मर्यादा असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महिनोन्महिने धावणाऱ्यांपासून गर्भवतींपर्यंत अनेकांचा ऊर्जाखर्च तपासला गेला. नुसते पडून राहायला शरीराला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या अडीचपटीहून जास्त खर्च माणसाला दीर्घकाळ पेलत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यापुढे आतडी तेवढे अन्न शोषू शकत नाहीत आणि शरीर स्वतःलाच खाऊ लागते. आपल्या अठ्ठावन्न किलोच्या मुलाची ही मर्यादा पावणेचार हजारांच्या आसपास येते. म्हणजे गोदामातली पूर्ण पाळी आणि दोन वेळचा कडक सराव हे दोन्ही करताना तो छताच्या बराच जवळ असतो. तिथे तिसरा सराव घातला तर शरीर घडत नाही, मोडते. नडगी दुखते म्हणून पट्टी बांधून धावणारी मुले कल्याण-शीळ रस्त्याच्या काँक्रीटवर कितीतरी दिसतील. दाटीवाटीच्या या शहरांत मातीचे मैदान मिळणे अवघड, म्हणून रस्ता हेच मैदान होते. अर्धपोटी शरीरात हाडाची दुरुस्ती रेंगाळते, वरून काँक्रीटचा मार बसतो आणि दुखण्याचे एक दिवस बारीक फ्रॅक्चर होते. त्या मुलाची ती भरती गेली.

०००

लष्कराला अन्नाचे मोल फार आधी कळले, आणि त्यातले काही धडे याच भूमीवर, याच माणसांवर घेतले गेले.

उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धात उभारलेली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गावाला आजचे नाव मिळाले. आजही तिथे पत्ता ‘कॅम्प नंबर’ने सांगतात. त्या युद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढले. इतकी माणसे मिळवायची तर वजनाची अट सैल करावी लागली, कारण खेड्यांतून येणारे रंगरूट मुळातच भुकेले होते. मग लष्कराला दिसले की काही महिने छावणीचे साधे रेशन मिळाले की हीच मुले भरतात, वजन वाढते, काम पेलतात. शरीरात दोष नव्हता, ताटात होता. ऐंशी वर्षांपूर्वी उमजलेली ही गोष्ट आजच्या भरतीत कुठेच दिसत नाही. आज आपण छाती टेपने मोजतो, पाच सेंटिमीटर फुगली नाही तर मुलाला परत पाठवतो आणि तो काय खाऊन आला हे विचारत नाही.

त्याही आधीची कूत-अल-अमाराची गोष्ट मराठी माणसाला अधिक माहीत असायला हवी. आजच्या इराकमध्ये, तैग्रीस नदीच्या वळणावर, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी ब्रिटिश-भारतीय फौजेला वेढा घातला. आत होती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. अन्न संपत आले तसे घोडे कापले गेले. बऱ्याच भारतीय सैनिकांनी धर्मभावनेने ते मांस बराच काळ खाल्ले नाही. ताजी भाजी नव्हतीच. भारतीय सैनिकांत स्कर्व्ही पसरला, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. ब्रिटिश सैनिक मांस खात होते म्हणून ते त्यातून बरेचसे वाचले, पण पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे त्यांना बेरीबेरीने गाठले. भारतीयांना तो फारसा झाला नाही, कारण त्यांचा आटा कोंड्यासकट दळलेला होता. एकाच वेढ्यात, एकाच उपासात दोन ताटांनी दोन आजार दिले. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा नुकते उभे राहत होते आणि या नोंदी त्यात मोलाच्या ठरल्या. शरीर चालवायला नुसते उष्मांक पुरत नाहीत, हे तिथल्या मराठा शिपायाने अंगावर भोगले.

स्वातंत्र्यानंतर म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आणि दिल्लीला सैनिकांच्या शरीरशास्त्राची संस्था उभी राहिली. दोन्ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या. टिकणाऱ्या चपात्या, पाकीटबंद पुलाव, उंचीवर भूक मंदावलेल्या जवानाला खाता येईल असे पदार्थ, हे सगळे तिथले काम. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या जवानाचा खर्च मोजायची सूत्रेही सैन्यांनीच बसवली. १९७७ चे एक प्रसिद्ध सूत्र वापरून मी आपल्याच भागासाठी गणित केले. पासष्ट किलोचा जवान, पाठीवर वीस किलो, ताशी पाच किलोमीटर चाल. कल्याणच्या सपाट रस्त्यावर तासाला सुमारे ३१० उष्मांक. तोच जवान त्याच चालीने मलंगगडाच्या वाटेवर दर शंभर मीटरला दहा मीटर चढू लागला की सुमारे ६६० उष्मांक. खऱ्या वाटेचा चढ जागोजागी याहून कितीतरी जास्त आहे. पायाखाली चिखल आला की आकडा आणखी फुगतो. अग्निवीराचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे. त्यात अशा चाली असतात, पण तिथे निदान लंगर असतो, तीन वेळचे जेवण असते आणि वजन उतरले तर विचारणारा डॉक्टर असतो.

०००

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्यांची तूट दुहेरी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. आठशे मीटरची धाव ही मुख्यतः प्राणवायूवर चालणारी धाव. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्तात प्राणवायू कमी वाहून नेला जातो, आणि तिथे जिद्द कामी येत नाही. सराव कितीही केला तरी वेळ एका जागी अडते. अशा मुलीला ‘स्टॅमिना कमी आहे’ असे सांगून आणखी दोन फेऱ्या मारायला लावतात. तिला आधी रक्ततपासणीची आणि डॉक्टरने दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची गरज असते.

खाण्याहून खर्च सतत जास्त राहिला की मुलींची पाळी लांबते किंवा थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला खेळाडूंच्या ऊर्जातुटीचा आजार म्हणून मान्यता दिली आहे. पाळी थांबली म्हणजे कटकट मिटली असे समजून कितीतरी मुली गप्प राहतात. वस्तुतः शरीराने हाडे बांधण्याचे काम थांबवल्याची ती सूचना असते. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ महिला छात्र बाहेर पडल्या. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या ठाणे-डोंबिवलीतल्या किती मुलींनी मनाशी काही ठरवले असेल. त्यांच्या आयांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. घरात शेवटी जेवायची रीत ज्या मुलीला लागली आहे, तिने पहाटे धावायचे ठरवले असेल तर तिचे ताट आधी वाढले पाहिजे. अंडे भावाला आणि वरणाचे पाणी तिला, असे करून वर्दी मिळत नाही.

०००

जून २०२४ च्या अखेरीस शीळफाट्यापासून दूर नसलेल्या बाळेगावात, राज्य राखीव पोलीस बलाच्या मैदानावर, पाच किलोमीटरच्या धावेत काही उमेदवार कोसळले. त्यांना रुग्णालयात हलवले, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात काहींवर उपचार झाले. खानदेशातून आलेला २५ वर्षांचा एक तरुण वाचला नाही. असे मृत्यू नवे नाहीत. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावेत चार उमेदवार गेले. पुढे शिपाई पदाचे अंतर घटत १६०० मीटरवर आले. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या दहा किलोमीटरच्या धावेत दहाहून जास्त तरुण गेले.

बाळेगावच्या त्या मृत्यूवर इथे बसून निदान लावणे योग्य नाही. पण अशा धावेत शरीरात काय घडते ते आकड्यांत सांगता येते. पासष्ट किलोचा तरुण पाच किलोमीटर धावला की सुमारे सव्वातीनशे उष्मांक जळतात. त्यातला पाव हिस्साही हालचालीत जात नाही. अडीचशे उष्मांक निव्वळ उष्णता होतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर शरीराचे तापमान साडेचार अंशांनी चढेल, ३७ वरून ४१ च्या पुढे. एरवी असे होत नाही, कारण घाम वाळतो. एक लिटर घाम वाळताना पावणेसहाशेहून जास्त उष्मांक घेऊन जातो, म्हणजे अर्धा लिटर वाळला तरी पुरे. पण जूनच्या अखेरीस ठाण्याच्या खाडीकाठची हवा ओलीचिंब असते. घाम वाळत नाही, टपटप गळतो, आणि गळलेला घाम उष्णता नेत नाही. कोरड्या मुलखातून आलेल्या शरीराला अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. आमचा उमेदवार आदल्या रात्री गाडीने उतरतो, फूटपाथवर किंवा पुलाखाली पाठ टेकतो, पोट बिघडू नये म्हणून काही खात नाही आणि सकाळी रांगेत उभा राहतो. रात्रभराच्या उपासाने यकृतातली साठवलेली साखर बरीच संपलेली असते. झोप झालेली नसते. हे सगळे सावरायला त्याच्याकडे राहिलेली असते ती इच्छा, आणि इच्छा प्रबळ असते हाच धोका ठरतो, कारण शरीराने थांब म्हटले तरी तो थांबत नाही.

त्यात काही मुले इंजेक्शन घेतात. मेफेंटरमिन नावाचे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरू नये म्हणून डॉक्टर वापरतात. जिम आणि भरतीच्या वर्तुळात ते चोरून फिरते. हृदयाची गती वाढते, थकवा जाणवत नाही, उष्णता मात्र साठत जाते. थकवा हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून पाच किलोमीटर धावणे म्हणजे मरणाशी खेळणे आहे, आणि हे वाक्य मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

मग करायचे काय? महागड्या डब्यांतली प्रोटीन पावडर लागत नाही. रोजची ९०० ची तूट भरायला शंभर ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि पन्नास ग्रॅम गूळ घेतला तर साडेसातशे उष्मांक आणि पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळतात. वर ग्लासभर दूध. ही शिदोरी कामावर खिशात मावते, भांडे लागत नाही, उन्हात नासत नाही. दुपारचे जेवण गेले तरी दोन वडापावांऐवजी एक वडापाव आणि दोन उकडलेली अंडी घ्यावीत. जवळा, सुकट, नाचणीची भाकरी हे इथल्याच चुलीवरचे पदार्थ, हाडांना हवे ते देणारे. कडक व्यायामानंतर तासाभरात पोटात काही जायलाच हवे. परीक्षेच्या दोन-अडीच तास आधी केळे, गुळाचा खडा, थोडे पोहे, घोटघोट पाणी आणि चिमूटभर मीठ. उपाशी पोटी हलके वाटते, पण त्या हलकेपणाने वेळ सुधारत नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. वजन दर रविवारी एकाच काट्यावर करून लिहून ठेवावे आणि महिन्यात दोन किलोहून जास्त उतरले तर सराव थांबवून आधी खाणे वाढवावे.

महापालिकांनी करण्यासारखेही आहे. पहाटे मैदानाचे फाटक उघडणे, एक मातीचा धावपट्टा सांभाळणे, नोंदणी केलेल्या उमेदवारांची वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासणी, आणि मैदानाशेजारी सकाळी अंडी-दूध-केळी सवलतीत देणारा महिला बचत गटाचा एक गाडा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या अंदाजपत्रकांत हा खर्च डोळ्यांना दिसणारही नाही.

भरती घेणाऱ्यांकडे माझी मागणी याहून छोटी आणि तातडीची आहे. लांब धावा उजाडताच व्हाव्यात, बाहेरगावच्या मुलांना आदल्या रात्री छप्पर आणि सकाळी खायला मिळावे, आणि धावपट्ट्याच्या शेवटाला एक मोठी ताडपत्री आणि बर्फ असावा. उष्माघाताने माणूस कोसळला, बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले तर रुग्णवाहिकेत घालून गर्दीतून पळवण्याआधी त्याला जागेवर थंड करायचे असते. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या खाली आले तर जवळजवळ सगळे वाचतात. ताडपत्रीचे काठ चार-सहा जणांनी उचलून धरायचे, मधल्या खोलगट भागात त्याला झोपवायचे, डोके वर ठेवायचे, बर्फाचे पाणी ओतत राहायचे आणि पाणी हलवत राहायचे. बर्फ ठाण्या-कल्याणच्या मासळीबाजारात रोज पहाटे टनावारी येतो. ग्राउंडच्या दिवशी त्यातल्या चार लाद्या मैदानावर मागवून ठेवायच्या आणि तिथल्या शिपायांना आदल्या दिवशी एकदा रंगीत तालीम करून दाखवायची.